कुत्र्याची लाळ आणि दातांवरचं किटण

कुत्र्याचं तोंड माणसाच्या तोंडापेक्षा स्वच्छ असतं, हा समज काही केल्या जात नाही. त्याने चाटलं की जखम भरते, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. कृपा करून असं करू देऊ नका. त्याच्या तोंडात पाश्चुरेलासारखे जीवाणू असतात आणि उघड्या जखमेत ते संसर्ग करू शकतात.

या समजाला एक खरा धागा मात्र आहे: कुत्र्यांचे दात सहसा किडत नाहीत. कारण त्यांच्या लाळेत आहे, आणि त्यांच्या दंतरोगाचं एक कारणही त्याच लाळेत आहे!

माणसाच्या लाळेचा सामू (pH, म्हणजे आम्ल किंवा अल्कधर्मीपणा मोजणारा आकडा) ७ च्या आसपास असतो, कुत्र्याचा साधारण ८. दात किडायला आम्ल लागतं आणि अशी अल्कधर्मी लाळ ते मारून टाकते. पण लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेटही विरघळलेलं असतं. फॉस्फेट तिथे मुख्यतः दोन रूपांत असतं: दोन हायड्रोजनवालं आणि एक हायड्रोजनवालं. सामू ७.२ च्या सुमारास दोन्ही निम्मी निम्मी असतात. सामू ८ कडे सरकला की एक हायड्रोजनवालं रूप कित्येक पटींनी वरचढ होतं. कॅल्शियमबरोबर त्याचा जो क्षार बनतो तो पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून साका खाली बसतो. किटलीत क्षार धरतो तसाच, फक्त इथे तो दातावर धरतो.

दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पापुद्रा दातावर चढतो. त्याला जीवाणू चिकटतात आणि दिवसभरात मऊ थर तयार होतो, हा प्लाक. दोन-तीन दिवसांत त्यात क्षार भरून तो दगडासारखा होतो, हेच किटण. मऊ थर ब्रशने निघतो, किटण निघत नाही. त्यामुळे आठवड्यातून एकदा ब्रश करणं जवळजवळ वाया जातं. रोज करायला हवं.

वरचा ओठ उचलून मागची मोठी दाढ पाहा. लाळग्रंथीची नळी तिच्याजवळ उघडते, म्हणून किटण तिथे सर्वांत जास्त साचतं. ब्रश हिरडीच्या कडेशी तिरपा धरून दातांची बाहेरची बाजू घासली तरी बरंच काम होतं. आतली बाजू जीभ थोडीफार साफ ठेवते. माणसाची टूथपेस्ट वापरू नका. तिच्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. कडक हाडं आणि शिंगंही नकोत, त्यांनी नेमकी हीच दाढ फुटते. दातांसाठी म्हणून चघळायला देतात त्या काही कांड्यांत हेक्झामेटाफॉस्फेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि साका बसू देत नाही. त्यांचा उपयोग आहे, पण ब्रशच्या जोडीला.

भूल न देता दात चकचकीत करून देण्याच्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. खरा रोग हिरडीखाली असतो. तिथे ऑक्सिजन नको असलेले जीवाणू वाढतात, तोंडाला येणारी घाण त्यांच्या गंधकयुक्त वायूंची असते. त्यांच्याशी लढताना शरीर दाताला धरून ठेवणारं हाडच झिजवून बसतं. हिरडीची नुसती सूज बरी होते, गेलेलं हाड सहसा परत येत नाही. भूल न दिलेला, जागा असलेला कुत्रा हिरडीखाली अवजार घालू देत नाही. म्हणून हिरडीतून रक्त येत असेल, दात हलत असेल किंवा कुत्रा एकाच बाजूने चावत असेल, तर ब्रश बाजूला ठेवून पशुवैद्याकडे जा आणि दातांचा एक्स-रे काढायचा का, ते विचारा.