असमकालिक होस्टनेम-शोध

होस्टनेमवरून (यंत्राच्या नावावरून) आयपी पत्ता (त्याचा जाळ्यावरील अंकी पत्ता) शोधताना उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम खोळंबू न देण्याची पद्धत. तिचा उगम कुठे धरावा, हे ‘असमकालिक’ या शब्दाच्या अर्थावर ठरते. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स-प्रणालीतील ‘गेटहोस्टबायनेम’ हे फंक्शन यंत्रावरचीच होस्ट्स फाइल (नावे व पत्त्यांची यादी) वाचत असल्याने थांबण्याचा प्रश्न जवळपास नव्हता. पॉल मोकापेट्रिस यांनी त्याच वर्षी मांडलेली डीएनएस ही नावे-पत्ते सर्व्हरांवर ठेवणारी व्यवस्था पुढे त्यामागे जोडली गेली. फाइलवाचनाच्या जागी दूरच्या सर्व्हरशी संवाद आला, पण फंक्शन होते तसेच राहिले. विंडोजवरील नेटवर्क-संवादाच्या १९९३ च्या विनसॉक १.१ या मानकामध्ये उत्तर प्रोग्रॅमच्या खिडकीला संदेशरूपाने पाठवण्याची सोय होती. ‘प्रोग्रॅम न थांबता उत्तर नंतर मिळणे’ असा अर्थ घेतल्यास उगम बहुधा या सुमारास मानणे सयुक्तिक ठरते. गेटहोस्टबायनेम उत्तर एकाच सामाईक जागेत ठेवत असे, त्यामुळे एका थ्रेडचे (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्याचे) उत्तर दुसऱ्याच्या शोधाने पुसले जाण्याची भीती असे. त्याच्या जागी आलेल्या ‘गेटॲड्रइन्फो’ या फंक्शनने हा दोष काढला, खोळंबा मात्र कायम राहिला.

सावद्याच्या केळी-व्यापाऱ्याकडे वजनकाट्याचा आकडा आणि बाजारभाव एकाच पडद्यावर दाखवणारा एकथ्रेडी प्रोग्रॅम आहे, असे समजू. लिनक्सच्या मूळ मांडणीत पहिला नेमसर्व्हर (नावांचे पत्ते सांगणारा सर्व्हर) गप्प राहिल्यास दुसऱ्याला विचारण्यापूर्वी ५ सेकंद जातात. तेवढा वेळ ट्रक काट्यावर उभा असूनही आकडा हलत नाही आणि दाबलेल्या कळीची दखल घेतली जात नाही. शोध वेगळ्या थ्रेडकडे सोपवल्यास पडदा चालू राहतो. मात्र सुरू झालेला गेटॲड्रइन्फोचा शोध मध्येच रद्द करता येत नाही, आणि थ्रेडही मोजकेच असतात: जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड जेएसखालील लिबयूव्ही या लायब्ररीत ते मुळात ४ असून फाइलींची कामेही त्यांच्याकडेच असतात.

एकाच थ्रेडमध्ये राहायचे असल्यास सी-एरेस किंवा एडीएनएस यांसारखी डीएनएस-शोधाची लायब्ररी स्वतःच नेमसर्व्हरच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न पाठवते आणि उत्तर आल्याची खबर इव्हेंट लूपकडून (घडामोडींची वाट पाहून त्या हाताळणाऱ्या फेऱ्याकडून) घेते. हजारो शोध एकदम करायचे असतील तर हीच रीत परवडते. परंतु नावे सोडवण्याच्या प्रणालीच्या इतर वाटा तिला ठाऊक नसतात: ‘काटा.लोकल’ असे मल्टिकास्ट डीएनएसवरचे (स्थानिक जाळ्यातील यंत्रे आपली नावे स्वतः सांगतात त्या पद्धतीतले) नाव गेटॲड्रइन्फोला प्रणालीतील जोडणीमुळे सापडते, सी-एरेसला सहसा सापडत नाही. त्यामुळे सामान्य प्रोग्रॅमसाठी थ्रेडची वाट, ओबडधोबड असली तरी, अधिक भरवशाची दिसते. लिनक्सच्या जीलिबसी या मूलभूत सी-लायब्ररीतील ‘गेटॲड्रइन्फो-ए’ हे वरकरणी असमकालिक फंक्शनही आतून थ्रेडच वापरते.