मरीन टाकीच्या नळ्यांमधला गाळ आणि बुळबुळीत थर: ग्राहकांसाठी माहिती

खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल फोन येतो तो बहुतेक वेळा काचेवरच्या शेवाळाचा किंवा खाणं सोडलेल्या माशाचा. नळ्यांबद्दल सहसा कोणी विचारत नाही. त्या कपाटात असतात, दिसत नाहीत, आणि पाणी फिरतंय तोवर सगळं ठीकच वाटतं. म्हणून हे पत्रक नळ्यांबद्दल.

काय साचतं आणि कुठे

माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, शेवाळाचे तुकडे, वाळूचे बारीक कण हा झाला गाळ. पाण्याचा वेग जिथे मंदावतो तिथे तो बसतो: आडव्या नळीच्या तळाला, एल्बोच्या वळणात, अर्धवट उघड्या व्हॉल्व्हच्या मागे, संपच्या (कपाटातल्या खालच्या टाकीच्या) पहिल्या खान्यात.

बुळबुळीत थर ही वेगळी गोष्ट. जीवाणू नळीच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट पदार्थ सोडतात. त्यावर गाळ धरतो, मग स्पंज, आणि चुन्याच्या बारीक पांढऱ्या नळ्या करून राहणारे किडे. युनियन (नळी सोडवता येते तो आट्यांचा जोड) उघडून आत बोट फिरवलंत तर आधी गुळगुळीत आणि मग खरखरीत लागेल. ती खरखर या किड्यांची.

या थराला सरसकट वाईट ठरवू नका. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू त्यातही असतात. पण त्यांची मुख्य वस्ती लाइव्ह रॉकमध्ये, म्हणजे टाकीतल्या जिवंत वस्तीच्या सच्छिद्र दगडांमध्ये, त्यामुळे नळी धुतल्याने टाकीचं चक्र मोडत नाही. त्रास होतो तो प्रवाहाला. आतून 25 मिमी व्यासाच्या नळीत सगळीकडून 2 मिमी थर बसला तर व्यास 21 मिमी उरतो, म्हणजे पाण्याची वाट जवळजवळ 30 टक्के कमी. खरखरीत भिंतीचं घर्षण वेगळंच.

बंद नळी ही खरी भीती

वाहत्या नळीतला गाळ सहसा मासे मारत नाही. मारते ती बंद नळी, आणि मुंबईत ती हमखास सापडते चिलरच्या (पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या) लाइनमध्ये. डिसेंबरात हवा गार होते, चिलरची गरज वाटत नाही, वीजबिल वाचवायला दोन्ही व्हॉल्व्ह बंद होतात. मार्चमध्ये उकाडा वाढला की तेच व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडले जातात.

मधल्या काळात आत काय होतं ते पाहा. खाऱ्या पाण्यात मुळात प्राणवायू कमी विरघळतो: 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरला साधारण 8 मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. बंद नळीतले जीवाणू तो लवकरच संपवतात. मग दुसऱ्या जातीचे जीवाणू कामाला लागतात, जे प्राणवायूऐवजी सल्फेट वापरतात. समुद्राच्या पाण्यात सल्फेटचा तोटा नाही, लिटरला सुमारे 2.7 ग्रॅम असतं. त्यातून तयार होतो हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्यांचा वास तो हाच, आणि माशांना तो अगदी थोडाही विषारी. सोबत साठलेला अमोनियाही येतो, आणि मरीन टाकीचा पीएच 8.1 ते 8.3 असल्याने गोड्या पाण्याच्या टाकीपेक्षा त्याचा जास्त हिस्सा विषारी रूपात असतो.

म्हणून आमचं सांगणं असं, की चिलर बंद ठेवायचा तर फक्त त्याचं तापमान वर करा, पाणी त्यातून वाहतं राहू द्या. पाण्यातले जंतू मारणाऱ्या यूव्ही दिव्याचंही तेच: दिवा बंद चालेल, पाणी बंद नको. लाइन बंद राहिलीच असेल तर पंप थांबवा, युनियनखाली बादली धरा आणि आतलं सगळं पाणी काढून मोरीत ओता. खिडकी उघडी ठेवा, बादलीवर वाकून वास घेऊ नका. लाइन गोड्या पाण्याने धुवा, मग टाकीतून काढलेल्या पाण्याने एकदा खळखळा, आणि नंतरच जोडा. चिलरच्या आतलं पाणीही यात धरा, नळीपेक्षा तिथेच ते जास्त साठतं.

पातळी बघून ओळखा

दोन ठिकाणची पातळी एकत्र बघायची सवय लावा: वरच्या टाकीतली आणि संपमधल्या पंपाच्या खान्यातली. वर पाणी चढलं आणि पंपाच्या खान्यात उतरलं, तर खाली येणारी नळी तुंबते आहे. ओव्हरफ्लोमध्ये (वरचं पाणी जिथून खाली उतरतं तिथे) गुडगुड वाढणं हे त्याचंच लक्षण. वर किंचित उतरलं आणि खाली चढलं, तर रिटर्न पंप (संपमधून पाणी वर चढवणारा) किंवा त्याची नळी भरली आहे. वर काहीच फरक नाही आणि फक्त पंपाच्या खान्यात उतरलं, तर ते बाष्पीभवन. त्यात आरओचं गोडं पाणी घाला, मिठाचं नाही.

सफाई कशी

एका वेळी एकच भाग. ज्या आठवड्यात वाळू उपसली किंवा फिल्टरचं मटेरियल बदललं, त्या आठवड्यात नळ्यांना हात लावू नका. सगळा गाळ एकदम उठला की टाकीला झेपत नाही.

पंप बंद करा, व्हॉल्व्ह बंद करा, युनियन सोडवा. नळी बाहेर काढून लांब लवचीक ब्रशने घासा. चुन्याचे किडे ब्रशने निघत नाहीत. त्यांना किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी मिसळून त्यात काही तास बुडवा, फेस येईल आणि ते सुटतील. पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं फिरणारं चक्र, हाही असाच. नंतर भरपूर गोड्या पाण्याने धुवा, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा आणि जोडा. जोडल्यावर पहिले काही दिवस फिल्टर सॉक (गाळ अडवणारी कापडी पिशवी) लवकर बदला.

संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र आणू नका, क्लोरीन वायू होतो. साबण नकोच. उकळतं पाणीही नको: पीव्हीसी मऊ पडतं, आणि आत झोॲन्थिड (प्रवाळासारखे मऊ जीव) उगवले असतील तर त्यांचं विष वाफेबरोबर श्वासात जाऊ शकतं. हातावर कापलेलं असेल तर रबरी हातमोजे घाला. टाकीतल्या पाण्यातून एक जीवाणू त्वचेत शिरतो आणि महिनोन्‌महिने न भरणारी गाठ करतो. अशी गाठ दिसली तर डॉक्टरांना टाकीचं आवर्जून सांगा.

नळ्यांचं काम इमारतीच्या नेहमीच्या प्लंबरकडून करून घेताना पितळी नळ किंवा तांब्याचं फिटिंग बसणार नाही एवढं बघा. त्याची चूक नाही, घराच्या नळाला ते चालतं. टाकीत मात्र तांबं उतरलं की कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ जातात.

वीज गेली तर

मुंबईत वीज क्वचित जाते, त्यामुळे तयारी नसते. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी शहराची वीज गेली, तेव्हा पंप थांबल्यावर टाकीचं काय होतं ते अनेकांना पहिल्यांदा दिसलं. रिटर्नच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक छोटं भोक असतं. पंप थांबला की त्यातून हवा शिरते आणि वरचं पाणी उलटं खाली यायचं थांबतं. हे भोक शेवाळाने किंवा गोगलगायीने बुजलं की पाणी खाली येतच राहतं, संप भरतो, आणि पुढे खालच्या मजल्यावरचे लोक छताची ओल दाखवायला वर येतात. चेक व्हॉल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या) भरवसा ठेवू नका, त्याच्या पाकळीत एक किडा अडकला तरी तो पूर्ण मिटत नाही.

भोक दर आठवड्याला टूथपिकने मोकळं करा. महिन्यातून एकदा, घरी असताना, पंप मुद्दाम बंद करा आणि संपमध्ये पाणी कुठे थांबतं तिथे मार्करने खूण करा. पुढच्या महिन्यात पाणी त्या खुणेच्या वर गेलं तर आधी भोक तपासा. गणपतीला गावी निघण्याच्या आदल्या आठवड्यात ही चाचणी करा, निघायच्या दिवशी नको. शेजाऱ्यांना खाद्य द्यायला सांगणार असाल तर रोजची पुडी बांधून द्या, डबा देऊ नका.

आम्हाला बोलवायचं असेल तर आधी कपाट उघडून सगळ्या नळ्यांचा एक व्हिडिओ पाठवा, आणि कोणते व्हॉल्व्ह किती दिवस बंद आहेत ते लिहा. त्यावरून कोणते सुटे भाग सोबत आणायचे ते ठरतं.