टॉवेलची खळ, एन्झाइम आणि पीएच

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर टॉवेल चढतो तेव्हा उभ्या सुताला खळ दिलेली असते, नाहीतर सूत घर्षणाने तुटतं. खळ स्टार्चची असेल तर रंगाईआधी ती अमायलेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन, टाकून काढतात. अमायलेज स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. कापसाला धक्का लावत नाही, कारण कापूस सेल्युलोजचा असतो आणि त्यातले जोड वेगळ्या घडणीचे असतात.

अमायलेज जिथे साखळी तोडतं, तिथे ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लाचे गट असतात. त्यातल्या एकावर प्रोटॉन (हायड्रोजन आयन) हवा, दुसऱ्यावर नको. पाणी फार आंबट झालं तर दोघांवर प्रोटॉन बसतो, अल्कली वाढली तर दोघांवरचाही जातो. दोन्हीकडे काम थंडावतं. पाणी किती आंबट किंवा अल्कली आहे ते पीएच सांगतो: 7 च्या खाली आंबट, वर अल्कली. नेहमीच्या जिवाणूजन्य अमायलेजला 5.5 ते 7 पीएच मानवतो. त्यापलीकडे फार दूर गेलं तर प्रथिनाची घडीच उलगडते, मग पीएच पुन्हा जागेवर आणूनही उपयोग नाही. पीएच 1 ने सरकला की हायड्रोजन आयन 10 पटींनी बदलतात, हे विसरू नये. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेनसनने 1909 मध्ये पीएचची ही मोजपट्टी मांडली तीही कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, एन्झाइमांवर काम करतानाच.

आता बाथ, म्हणजे कापड ज्यात बुडवतात ते पाणी. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट असतात. पाणी 60–70 अंशांवर तापलं की कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढतो. म्हणून नळाखालचं माप धरू नका. पाणी तापवा, पातळ ॲसिटिक ॲसिडने पीएच 6–6.5 वर आणा, कापड भिजवा, नमुना थंड करून पुन्हा मोजा, मगच एन्झाइम घाला. पाणी जड आहे म्हणून याच बाथमध्ये सिक्वेस्टरिंग एजंट (पाण्यातले कॅल्शियमसारखे क्षार बांधून ठेवणारा पदार्थ) ओतणं घातक: अमायलेजला टिकायला कॅल्शियम लागतं आणि तो नेमका तेच ओढून घेतो. खळ निघत नाही म्हणून एन्झाइमचा डोस दुप्पट करणारे बरेच असतात. पीएच चुकलेला असेल तर तो पैसा पाण्यात जातो.

खळ गेली का, हे आयोडीनच्या थेंबाने कळतं. निळा-जांभळा डाग म्हणजे स्टार्च उरलंय. पण कापडात अल्कली असेल तर आयोडीनचंच रूपांतर होतं, डाग उमटत नाही आणि खळ असलेला टॉवेल पास होतो. रंगाईत तो चट्टे घेऊन बाहेर येतो. थेंब टाकण्याआधी कापड धुऊन उदासीन करा.

ब्लीचिंगनंतर लव काढायला सेल्युलेज वापरतात. त्यातल्या आम्लधर्मी प्रकाराला 4.5–5.5 पीएच आणि 50–55 अंश लागतात. ब्लीचिंगची अल्कली टॉवेलच्या फासांतून हळूहळू झिरपते. सुरुवातीला 5 असलेला पीएच चढत जातो. ॲसिटिक ॲसिडसोबत सोडियम ॲसिटेट घातलं की तो धरून राहतो, तरी अधूनमधून मोजावंच. आणि हे एन्झाइम कापसाचं सेल्युलोजच खातं, म्हणून वेळ संपताच सोडा ॲशने पीएच 9–10 वर न्या किंवा बाथ 80 अंशांच्या वर 10–15 मिनिटं ठेवा. नाहीतर गाडीत रचून ठेवलेल्या ओल्या टॉवेलचे फास रात्रभर कमजोर होत राहतात.