दोन टी-रेग: एक थायमसमधली, एक आतड्यातली

२०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं ते ज्यांच्यामुळे, त्या या रेग्युलेटरी टी पेशी, म्हणजेच टी-रेग. टी पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीचं काम करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटू नये म्हणून त्या बाकीच्या पेशींना आवर घालतात. पण त्यांचे दोन प्रकार आहेत आणि ते सर्रास एकच समजले जातात. साहजिकच आहे, कारण दोन्हींच्या पृष्ठभागावर सीडी४ आणि सीडी२५ ही प्रथिनं असतात, दोन्हींत फॉक्सपी३ जनुक चालू असतं.

पहिली घडते छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. स्वतःच्या शरीरातल्या प्रथिनांना फार घट्ट चिकटणाऱ्या बऱ्याच टी पेशी तिथेच मारल्या जातात. त्याहून थोड्या कमी चिकटणाऱ्या काहींना आयएल-२ या संदेशवाहक प्रथिनाची जोड मिळाली की त्यांच्यात फॉक्सपी३ चालू होतं. उंदराच्या पिल्लाचं थायमस तिसऱ्या दिवशी काढलं, तर पुढे त्याच्या टी पेशी त्याच्याच अंडाशयावर किंवा जठरावर तुटून पडतात. निरोगी उंदराच्या टी पेशी वेळेत टोचल्या तर हे टळतं. त्यांतल्या नेमक्या कोणत्या पेशी हे काम करतात, हे शोधताना साकागुचींना १९९५ मध्ये सीडी२५ ही खूण सापडली.

दुसरी थायमसमधून निघते ती साधी टी पेशी म्हणून. तिचं वळण बदलतं बाहेर, मुख्यतः आतड्यात. तिथे डेंड्रिटिक पेशी, म्हणजे टी पेशींना नमुने दाखवणाऱ्या पेशी, अन्नाचे आणि जंतूंचे अंश तिच्यापुढे धरतात. सोबत टीजीएफ-बीटा हे संदेशवाहक प्रथिन आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेलं रेटिनोइक आम्ल असेल, तर ती टी-रेग होते. टीजीएफ-बीटाबरोबर आयएल-६ हे दुसरं संदेशवाहक प्रथिन आलं, तर तीच पेशी दाह वाढवणारी टीएच१७ होऊन बसते!

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो फॉक्सपी३ जनुकातला सीएनएस१ हा तुकडा. उंदरांत तो काढला तरी थायमसमधल्या टी-रेग व्यवस्थित बनतात, बाहेरच्या मात्र अडतात. मग आतड्यात नि फुफ्फुसांत दाह होतो, आणि गाभण माद्यांचे गर्भही जास्त दगावतात. हा तुकडा वार (प्लॅसेंटा) असलेल्या सस्तन प्राण्यांतच आढळतो. अर्धा वारसा बापाकडून आलेला गर्भ आईच्या शरीराने सांभाळायचा, तर बाहेर घडलेल्या टी-रेगची मदत होते.

प्रयोगशाळेत टीजीएफ-बीटा घालून बनवलेली टी-रेग मात्र या दोन्हींत मोजू नये. थायमसमधल्या पेशीत फॉक्सपी३च्या एका भागावरचे मिथाइल गट (डीएनएला चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) निघालेले असतात, त्यामुळे जनुक चालू राहतं. प्रयोगशाळेतल्या पेशीत ते बहुतांशी तसेच राहतात, आणि फॉक्सपी३ पुन्हा बंद पडू शकतं. शिवाय माणसाच्या साध्या टी पेशीतही, ती उत्तेजित झाली की, फॉक्सपी३ थोडा वेळ दिसतं. म्हणून नुसतं फॉक्सपी३ पाहून टी-रेग ओळखता येत नाही, मिथाइल गटही तपासावे लागतात.