पाठ सेवेत गेली की आपोआप? सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनची पार्श्वभूमी

निवृत्तीच्या मेडिकल बोर्डात जवानाला टेबलावर उताणे झोपवतात आणि गुडघा न वाकवता पाय वर उचलतात. कळ कितव्या अंशाला आली, बोटे बधिर आहेत का, एमआरआयमध्ये मणक्याची गादी किती सरकलेली दिसते, हे पाहून टक्केवारी लिहिली जाते. पेन्शनचा खरा फैसला मात्र शेजारच्या दोन रकान्यांत होतो: दुखणे सेवेमुळे झाले का? सेवेने बळावले का? दोन्हीकडे ‘नाही’ पडले की ती ‘नाना केस’ (‘सेवेमुळे नाही आणि सेवेने बळावलेलेही नाही’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे), आणि मग टक्के कितीही असोत, अपंगत्व पेन्शन म्हणून हाती काही येत नाही.

१९६१च्या पेन्शन नियमांत या दोन अटी होत्या, शिवाय किमान २० टक्क्यांची. १९८२च्या नियमांनी सैनिकाच्या बाजूने एक गृहीतक घातले: भरतीच्या वेळी नोंद नसलेला आणि पुढे ज्यामुळे सेवा सोडावी लागली, तो आजार साधारणपणे सेवेतलाच मानायचा. संशयाचा फायदाही सैनिकालाच.

पाठीच्या बाबतीत हे वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. ‘शरीरप्रकृतीचा दोष’, ‘वयोमानाने झीज’, ‘त्रास पीस स्टेशनला (सीमेपासून दूरच्या शांत ठाण्यावर) सुरू झाला’, अशी एका ओळीची कारणे लिहून प्रकरणे बंद होत. वीस वर्षे पिठ्ठू (पाठीवरची अवजड पिशवी) वाहिलेली पाठ पीस स्टेशनला येऊन धरली, तर ती आधीच्या डोंगरांवर झिजलीच नव्हती, असे कसे म्हणता येईल? २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावले, की सैनिकाने काही सिद्ध करायचे नाही. आजार सेवेतला नाही असे म्हणणाऱ्या बोर्डाने कारणे द्यायची.

टक्क्यांचे गणितही त्याच सुमारास महत्त्वाचे झाले. १९९६पासून लागू झालेल्या पद्धतीत ५०च्या आतले अपंगत्व ५० धरले जाते, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि ७६च्या पुढे १००. आधी हा लाभ आजारपणामुळे मध्येच घरी पाठवलेल्यांनाच मिळे. २०१४च्या निकालाने तो मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला. त्यामुळे पाठीला २० टक्के लिहिले तर ५० टक्क्यांचे पैसे, १५ ते १९ लिहिले तर बहुधा कोर्टाची पायरी.

२१ सप्टेंबर २०२३पासून नवे नियम आले. मुदत भरून निवृत्त होणाऱ्यांच्या रकमेच्या नावातून ‘डिसॅबिलिटी’ जाऊन तिथे ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ आले. त्याआधी निवृत्त झालेल्यांना जुनेच नियम लागू आहेत, म्हणून अपील लिहिण्याआधी डिस्चार्ज बुकवरची तारीख पाहावी.