ओल्ड फर्म

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या सेल्टिक आणि रेंजर्स या दोन फुटबॉल संघांचे हे जोडनाव; त्यांच्यातल्या सामन्यालाही हेच म्हणतात. सेल्टिकचे मैदान शहराच्या पूर्वेला पार्कहेड भागात आहे. रेंजर्सचे आयब्रॉक्स क्लाइड नदीच्या दक्षिणेला, एकेकाळी जहाजबांधणीवर जगणाऱ्या गोव्हन वस्तीलगत. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मॅनेजर असलेल्या अ‍ॅबर्डीन संघाने १९८५ मध्ये स्कॉटलंडचे साखळी विजेतेपद मिळवले. त्यापुढच्या चाळीस हंगामांत, म्हणजे २०२५ पर्यंत, ते या दोघांखेरीज कुणाच्याही हाती लागले नाही. मे २०२५ अखेर दोघांच्या नावावर प्रत्येकी ५५ विजेतेपदे होती. विजेता दोघांपैकीच कुणीतरी असणार हे ठरलेले असल्यावर दुसरा क्रमांक हा सरळसरळ पराभव होतो. इथल्या मॅनेजरांच्या नोकऱ्या आणि चाहत्यांचा मानापमान या हिशोबावर चालतो.

उगम

१८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमधून हजारो कुटुंबे ग्लासगोत आली. बहुतेक कॅथलिक, गरीब आणि स्थानिक प्रोटेस्टंट समाजाला नकोशी. त्यांच्या मुलांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून पैसा उभा करायचा, या हेतूने आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातून आलेले धर्मबंधू वॉल्फ्रिड यांनी १८८७ मध्ये सेल्टिकची स्थापना केली. एडिंबरात आयरिश कॅथलिकांच्याच हिबर्नियन या संघाने त्या वर्षी स्कॉटिश चषक जिंकला होता आणि तोच नमुना त्यांच्यापुढे होता. (पुढे सेल्टिकने हिबर्नियनचेच चांगले खेळाडू ओढून घेतले. धर्मादाय कामाला इथे स्पर्धेची धार लागायला वेळ लागला नाही.) सेल्टिकचा पहिला सामना २८ मे १८८८ रोजी रेंजर्सविरुद्धच झाला आणि सेल्टिकने तो ५-२ असा जिंकला.

रेंजर्सचा जन्म १८७२ चा. चार तरुण पोरांनी खेळायच्या हौसेने काढलेला संघ. त्यात धर्माचा संबंध नव्हता. सुरुवातीची वर्षे दोन्ही संघांचे छान जमत असे. मात्र 'आयरिशांच्या' संघाला तोडीस तोड देणारा स्कॉटिश संघ लोकांना हवा होता आणि ती जागा हळूहळू रेंजर्सकडे आली. १९१२ च्या सुमारास बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ कंपनीने गोव्हनमध्ये जहाजांचा कारखाना घेतला, तेव्हा तिथले प्रोटेस्टंट कामगारही सोबत आले आणि आयर्लंडच्या उत्तरेतल्या अल्स्टर प्रांताचे कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडण आयब्रॉक्सच्या दाराशी येऊन ठेपले. कॅथलिक खेळाडू घ्यायचा नाही हा रेंजर्सचा अलिखित नियम याच काळात रुजला.

जोडनावाचे मूळ बहुधा १९०४ मधल्या एका व्यंगचित्रात आहे. 'स्कॉटिश रेफरी' या क्रीडापत्राने दोन्ही संघांना एका जुन्या व्यापारी पेढीचे भागीदार दाखवून त्यांना आश्रय देण्याचे आवाहन छापले. टोमणा खरा होता, कारण एकमेकांशी खेळल्यावर दोघांचाही गल्ला भरत असे. शंभर वर्षांनीही त्यात फरक पडलेला नव्हता. सी. आर. स्मिथ ही खिडक्या बसवणारी कंपनी १९८० च्या दशकात आणि कार्लिंग ही बिअर २००३ पासून दोन्ही संघांच्या शर्टांवर एकाच वेळी झळकली. एकालाच पैसे दिले असते तर अर्धे शहर गिऱ्हाईक म्हणून गमावले असते.

धर्म, झेंडे आणि त्यातले अपवाद

सेल्टिकच्या प्रेक्षागृहात आयर्लंडचा तिरंगा, रेंजर्सच्या प्रेक्षागृहात ब्रिटनचा युनियन झेंडा. स्कॉटलंडच्याच दोन संघांच्या सामन्यात स्कॉटलंडचा निळा-पांढरा झेंडा शोधावा लागतो. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यातले 'घोटी' आणि 'बांगाल' हे भांडण ज्यांना ठाऊक आहे त्यांना स्थलांतरितांचा संघ विरुद्ध मूळ रहिवाशांचा संघ ही मांडणी नवी वाटणार नाही. ग्लासगोत मात्र तिच्यावर धर्म आणि राजनिष्ठा यांचे आणखी दोन थर चढले आहेत. १९१८ च्या शिक्षण कायद्याने कॅथलिक शाळा सरकारी व्यवस्थेत आल्या, पण वेगळ्याच राहिल्या. त्यामुळे शाळेचे नाव सांगितले की धर्म कळतो आणि 'कोणता संघ?' या प्रश्नामागे अनेकदा तीच चौकशी असते. त्यातून सुटू पाहणारे पार्टिक थिसल या शहरातल्याच धाकट्या संघाचे नाव सांगून मोकळे होतात.

तरीही सगळे धर्मानेच उलगडते असे मानणे चुकीचे ठरेल. सेल्टिकला सर्वांत मोठे यश मिळवून देणारे मॅनेजर जॉक स्टीन प्रोटेस्टंट होते. १९५२ मध्ये स्कॉटिश फुटबॉल संघटनेने सेल्टिकला आयरिश झेंडा उतरवायला सांगितले, तेव्हा सेल्टिकच्या बाजूने उभे राहणाऱ्यांत रेंजर्स होते; पेढीचा भागीदार बुडावा असे कुणालाच वाटत नव्हते. १९३६ मध्ये तर कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचे मोहम्मद सलीम बुटांऐवजी पायांना पट्ट्या बांधून सेल्टिकच्या शर्टात दोन सामने खेळले आणि प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले.

रेंजर्सचा अलिखित नियम जाहीरपणे मोडला तो जुलै १९८९ मध्ये. मॅनेजर ग्रेम सूनेस यांनी सेल्टिकचा माजी आघाडीपटू, कॅथलिक मो जॉन्स्टन याला करारबद्ध केले. तो सेल्टिकमध्ये परत जाणार असे गृहीत धरले जात होते, त्यामुळे एका बाजूने तो गद्दार ठरला आणि दुसऱ्या बाजूच्या काहींनी आपले स्कार्फ जाळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने सेल्टिकविरुद्ध गोल केला, आणि स्कार्फ जाळण्याची भाषा हळूहळू मावळली.

मैदानावरचे आणि मैदानाबाहेरचे बळी

१९०९ च्या दोघांमधल्या चषक अंतिम सामन्याची फेरलढतही बरोबरीत सुटली आणि जादा वेळ खेळवला नाही म्हणून प्रेक्षकांनी ग्लासगोतल्याच हॅम्पडन मैदानावर जाळपोळ केली. चषक त्या वर्षी कुणालाच दिला गेला नाही. ५ सप्टेंबर १९३१ रोजी आयब्रॉक्सवर रेंजर्सचा सॅम इंग्लिश आणि सेल्टिकचा तरुण गोलरक्षक जॉन थॉमसन यांची टक्कर झाली. थॉमसन त्याच रात्री मरण पावला. तो निव्वळ अपघात होता, तरी इंग्लिशला पुढे प्रेक्षकांच्या शिव्या खाव्या लागल्या.

सर्वांत भीषण घटनेचा वैराशी संबंध नव्हता. २ जानेवारी १९७१ रोजी सामना संपल्यावर आयब्रॉक्सच्या तेराव्या जिन्यावर बाहेर पडणारी गर्दी कोसळली आणि ६६ जण चिरडून मेले. त्यानंतर मैदानांच्या सुरक्षिततेचा १९७५ चा कायदा आला आणि आयब्रॉक्स नव्याने बांधले गेले. मे १९८० च्या चषक अंतिम सामन्यानंतर दोन्हीकडचे चाहते हॅम्पडनच्या मैदानात उतरून एकमेकांना भिडले, घोडेस्वार पोलीस आत आणावे लागले आणि परिणामी स्कॉटलंडच्या मैदानांवर दारूबंदी झाली. चिथावणीखोर गाण्यांना आणि वर्तनाला आळा घालणारा २०१२ चा कायदा मात्र टिकला नाही. चाहत्यांनाच गुन्हेगार ठरवतो या टीकेमुळे तो २०१८ मध्ये रद्द झाला.

२०१२ आणि त्यानंतरचा वाद

२०१२ मध्ये थकलेल्या कराच्या बोजाखाली रेंजर्स चालवणारी कंपनी दिवाळखोरीत निघाली. नव्या कंपनीने मालमत्ता विकत घेतली, पण इतर संघांनी तिला थेट वरच्या श्रेणीत घ्यायला नकार दिला आणि संघाला चौथ्या श्रेणीपासून सुरुवात करावी लागली. वरच्या श्रेणीत परतायला २०१६ उजाडले. कंपनी मेली पण क्लब जिवंत आहे असे रेंजर्सचे चाहते म्हणतात. सेल्टिकच्या अनेक चाहत्यांच्या मते जुना क्लब २०१२ मध्येच संपला, म्हणून 'ओल्ड फर्म' हे नावही संपले. जानेवारी २०१५ मध्ये त्यांनी वर्गणी काढून वर्तमानपत्रात तशी पानभर जाहिरात दिली. फुटबॉल संघटनांच्या नोंदींत रेंजर्सचा इतिहास अखंड आहे. पण हा वाद नोंदींनी मिटणारा नाही, कारण प्रतिस्पर्धी खोटा ठरला तर त्याच्यावर मिळवलेल्या विजयांचे काय करायचे, याचे उत्तर कुणाकडे नाही.

मॅनेजरची खुर्ची

ब्रिटिश फुटबॉलमधला मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, डावपेच आखणारा आणि पराभवाचे खापर फोडायला हाताशी असणारा माणूस. पूर्वी या खुर्च्या स्थिर होत्या. सेल्टिकला १८९७ पासून १९७८ पर्यंत अवघे चार मॅनेजर झाले. त्यांतले पहिले विली मॅली ४३ वर्षे होते. रेंजर्सचे बिल स्ट्रुथ १९२० ते १९५४ असे टिकले आणि त्यांनी १८ साखळी विजेतेपदे मिळवली.

हे स्थैर्य स्टीन यांनी मोडले, आणि तेही समोरच्या घरातले. २५ मे १९६७ रोजी लिस्बनमध्ये सेल्टिकने इंटर मिलानला २-१ हरवून युरोपियन चषक जिंकला. त्या संघातले सगळे खेळाडू पार्कहेडपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. रेंजर्सही त्याच महिन्यात दुसऱ्या एका युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिककडून एका गोलने हरले होते. इतर कुठल्याही शहरात हे कौतुकाचे वर्ष ठरले असते. इथे रेंजर्सचे स्कॉट सायमन यांना नोव्हेंबरात काढले गेले, संघ साखळीत अव्वल असताना. त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड व्हाइट यांच्या संघाने तो अख्खा हंगाम साखळीत एकच सामना गमावला, तोही शेवटच्या दिवशी, आणि विजेतेपद सेल्टिकने नेले. व्हाइट १९६९ मध्ये गेले. सेल्टिकची सलग नऊ विजेतेपदांची मालिका १९७४ पर्यंत चालली. रेंजर्सने १९९७ मध्ये बरोबर तेवढीच मालिका पुरी केली आणि 'सलग दहा' हे तेव्हापासून दोन्हीकडचे वेड होऊन बसले.

इथल्या मॅनेजरचे मूल्यमापन त्याच्या स्वतःच्या कामगिरीवर क्वचितच होते. नॉर्वेच्या रोनी डेला यांनी २०१५ आणि २०१६ अशी दोन्ही वर्षे सेल्टिकला साखळी जिंकून दिली. पण एप्रिल २०१६ मध्ये तेव्हा दुसऱ्या श्रेणीत असलेल्या रेंजर्सने चषकाच्या उपांत्य फेरीत पेनल्टींवर त्यांना हरवले, आणि काही दिवसांतच त्यांच्या जाण्याची घोषणा झाली. जियोव्हानी व्हॅन ब्रॉन्कहॉर्स्ट यांनी रेंजर्सला २०२२ च्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले, स्कॉटिश चषकही मिळवला. नोव्हेंबरात सेल्टिक नऊ गुणांनी पुढे गेल्यावर त्यांची गच्छंती झाली. नील लेनन यांची सेल्टिकमधली दुसरी कारकीर्द २०२१ मध्ये 'सलग दहा'च्या पाठलागात कोसळली. त्या हंगामात स्टीव्हन जेरार्ड यांच्या रेंजर्सने एकही सामना न हरता साखळी जिंकली.

छोट्या संघाकडून झालेला पराभव तर माफच होत नाही. फेब्रुवारी २००० मध्ये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या इन्व्हरनेस कॅलेडोनियन थिसलने सेल्टिकला त्यांच्याच मैदानावर चषकातून बाहेर काढले आणि जॉन बार्न्स यांची नोकरी गेली. जुलै २०१७ मध्ये लक्झेंबर्गच्या प्रोग्रेस नीडरकॉर्नने रेंजर्सला युरोपातून बाद केले. त्या रात्री पोर्तुगीज मॅनेजर पेद्रो कैशिन्या झुडपात उभे राहून चिडलेल्या चाहत्यांशी बोलतानाचे छायाचित्र सर्वत्र पसरले. ऑक्टोबरात ते घरी गेले.

मॅनेजर 'आपला' आहे की नाही हाही प्रश्न असतोच. ब्रेंडन रॉजर्स हे लहानपणापासूनचे सेल्टिकचे चाहते. त्यांच्या पहिल्याच हंगामात, २०१६-१७ मध्ये, संघ देशांतर्गत एकही सामना हरला नाही. पण फेब्रुवारी २०१९ मध्ये ते ऐन हंगामात लेस्टर सिटीला निघून गेले, तेव्हा अमरत्व विकून सामान्यपणा घेतलास, तू कधी आमचा नव्हतासच, अशा आशयाचा फलक चाहत्यांनी झळकावला. २०२३ मध्ये ते परत आले आणि विजेतेपदे मिळाल्यावर बऱ्याच जणांनी रागही गिळला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन्ही खुर्च्या एकाच महिन्यात रिकाम्या झाल्या. रेंजर्सचे रसेल मार्टिन जूनमध्ये आले होते. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता लढतीत क्लब ब्रूजने त्यांच्या संघाला दोन सामन्यांत मिळून ९-१ हरवले, साखळीतल्या सातपैकी एकच सामना जिंकता आला. फॉल्कर्कशी झालेल्या बरोबरीनंतर ५ तारखेला त्यांना काढण्यात आले. २७ तारखेला रॉजर्स यांनी राजीनामा दिला आणि सेल्टिकचे सर्वांत मोठे भागधारक डर्मट डेझमंड यांनी लगोलग त्यांच्यावर जाहीर टीका केली. तात्पुरती सूत्रे मार्टिन ओ'नील यांच्याकडे गेली. तेव्हा वय ७३. ऑगस्ट २००० मधल्या आपल्या पहिल्याच ओल्ड फर्म सामन्यात त्यांच्या सेल्टिकने रेंजर्सला ६-२ हरवले होते.