नेरळ-माथेरान रेल्वेची पार्श्वभूमी: स्थानक जपायचे तर आधी घाट सांभाळा

पावसाळा ओसरला की माथेरानमध्ये एकच चौकशी सुरू होते: नेरळहून गाडी कधी सुटणार? हॉटेलवाले, घोडेवाले, हमाल, दुकानदार सगळ्यांचा हंगाम त्या उत्तराशी बांधलेला असतो. शंभरी ओलांडलेल्या या रेल्वेचे जतन कसे करायचे, हा प्रश्नही तिथूनच सुरू होतो.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये माथेरानच्या डोंगरावर चढले आणि हवा खाण्याचे ठिकाण म्हणून या गावाचे नाव झाले. त्याच दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे नेरळपर्यंत आली. मुंबईहून नेरळ गाठणे सोपे झाले, पण पुढची चढण मात्र घोड्यावरून, पालखीतून किंवा पायीच. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले मोठे उद्योगपती. त्यांना एकदा नेरळला वर जायला वाहन मिळाले नाही आणि त्यातून रेल्वेचा विचार निघाला, असे सांगतात. ही हकीकत कितपत खरी ते असो. पैसा त्यांनी घातला आणि काम त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी तडीस नेले, एवढे नक्की. १९०४ मध्ये सुरू झालेले काम १९०७ मध्ये संपले, खर्च सुमारे सोळा लाख रुपये आला, आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी धावू लागली. सरकारी तिजोरीवर न विसंबता एका कुटुंबाने डोंगरावर रेल्वे चढवली, हे आज स्थानकावर उतरणाऱ्या किती जणांना ठाऊक असते? पीरभॉयांचे नाव तिथे ठळकपणे दिसायला हवे, असे मला मनापासून वाटते.

मार्ग जेमतेम एकवीस किलोमीटरचा, दोन रुळांमधले अंतर दोन फूट. तेवढ्यात गाडीला साडेसातशे मीटरहून अधिक उंची गाठायची असते. वीस फूट पुढे गेले की एक फूट वर, अशी चढाची जागा मार्गात आहे. जुम्मापट्टी, वॉटरपाईप आणि अमन लॉज ही मधली स्थानके. वॉटरपाईपला वाफेचे इंजिन पाणी भरून घेई. बोगदा एकच, तोही इतका आखूड की त्याला ‘वन किस’ हे नाव पडले. हा बोगदा खोदल्यामुळे तिथे गाडी उलट फिरवण्याची गरज उरली नाही.

इंजिनांची गोष्ट थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. बार्शी लाइट रेल्वेमुळे आपल्याकडे परिचित असलेले अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ही वाफेची इंजिने आखली आणि जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कारखान्याने बांधली. पुढच्या आणि मागच्या आसाची चाके वळणावर बाजूला सरकत, म्हणून सहा चाकांचे इंजिन एवढ्या तीव्र वळणांवरूनही रूळ न सोडता जाई. अशा चार इंजिनांनी १९८२ पर्यंत घाट चढला. पुढे डिझेल इंजिनांनी जागा घेतली. चारपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन ब्रिटनमध्ये हौशी जतनकर्त्यांकडे पोहोचले.

इंजिन छपराखाली ठेवून जपता येते, घाट तसा जपता येत नाही. माथेरानचा माथा जांभ्याचा, माती लाल आणि सैल. जून ते सप्टेंबर पाण्याचे लोट वरून येतात. मोऱ्या तुंबल्या की तेच पाणी रुळांखालची खडी आणि माती घेऊन खाली जाते. म्हणून दरवर्षी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद ठेवतात. अमन लॉज ते माथेरान हा छोटा टप्पा तेवढा चालू राहतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग जागोजागी उखडला आणि गाडी २००७ च्या मार्चमध्ये, अगदी शताब्दीच्या तोंडावर परतली. मे २०१६ मध्ये डबे घसरले आणि पुन्हा दीर्घकाळ खंड पडला. २०१९ च्या पावसाने परत तेच केले. त्यानंतर जाळीत दगड भरून भिंती बांधल्या, रूळ दुरुस्त केले, आणि २२ ऑक्टोबर २०२२ रोजी नेरळहून गाडी वर गेली.

या गावात मोटारींना बंदी आहे. २००३ मध्ये परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. गाड्या गावाबाहेर दस्तुरी नाक्याला थांबतात. पुढे घोडा, आधी हातरिक्षा, अलीकडे ई-रिक्षा, नाहीतर अमन लॉजहून मिनी ट्रेन. सामान डोक्यावर घेऊन अडीच-तीन किलोमीटर चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ही गाडी सहलीची चैन आहे की वाहतुकीची सोय.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या तीन पर्वतीय रेल्वे जागतिक वारसा यादीत आहेत. माथेरानचे नाव भारताने संभाव्य यादीत दिले आहे. ते पक्के व्हावे, ही माथेरानकरांची जुनी इच्छा, आणि ती रास्तच आहे. पण त्या प्रस्तावासोबत स्थानकाच्या रंगरंगोटीइतकाच पैसा मोऱ्या, संरक्षक भिंती आणि पावसापूर्वी रूळ चालून तपासणाऱ्या गँगमनसाठी मागितला पाहिजे. तो खर्च मे महिन्याच्या आत झाला नाही, तर त्या वर्षी त्याचा उपयोग शून्य.